वाकड्या बोटाची पाटी

आत्याने चहातली साखर सोडली, त्याला अकरा वर्षं झाली होती. भाऊ गेला त्याच आठवड्यात तिने नेम धरला, की त्याचं नाव किनाऱ्याच्या लढाईच्या दगडावर लागेल त्या दिवशीच गोड चहा प्यायचा. तेव्हा ती ऐंशीची होती, आता एक्याण्णवची. नेमात एका दिवसाचा खाडा नाही. मात्र फिका चहा पिताना तोंड असं करायची, की बघणाऱ्याचाच जीव कळवळावा.

दगड होता युद्धाच्या संग्रहालयाच्या अंगणात. शत्रूने बळकावलेला किनारा परत घ्यायला आपली फौज समुद्रातून उतरली, त्या पहिल्या दिवशीच्या शिपायांची नावं त्यावर कोरलेली. यंदा शेवटच्या ओळी भरायच्या होत्या. गुरुवारी दुपारी यादी बंद होणार, मग पाथरवट छिन्नी उचलणार, आणि त्यानंतर दगडावर बोटभरही जागा राहणार नव्हती.

“फौजेला वाट मी दाखवली,” असं आत्याचा भाऊ जन्मभर सांगत आला. “जहाजावर रंगवलेल्या पाट्या लाटांनी गिळल्या. मग काय, ओल्या वाळूत मांडी ठोकली आणि तिथेच नव्या रंगवल्या.” लोक पोट धरून हसत. पाट्या रंगवणारा माणूस, तो फौजेला वाट दाखवणार! गल्लीने त्याचं नाव सेनापती पाडलं. तोही वस्ताद. कोणी चिडवलं की कुंचल्यानेच सलाम ठोकायचा.

त्याचं दुकान आता त्याची मुलगी चालवत होती. सगळे तिला पाटीवाली म्हणत. आत्यासाठी ती आजवर चार वेळा संग्रहालयात गेली होती. पायदळाच्या यादीत वडील नाहीत, बोटींच्या यादीत नाहीत. बुधवारी सकाळी ती पाचव्यांदा निघाली, तेव्हा आत्या दारातून म्हणाली, “गोड बोलून बघितलंस ना चारदा? आता जरा नेट लाव. सरळ बोटाने तूप निघत नाही गं.”

संग्रहालयाचा दप्तरदार माणूस भला, पण कागदाबाहेर पाऊल न टाकणारा. त्याने जाडजूड वही उघडली, चष्मा कपाळावरून नाकावर ओढला.

“हे बघा ताई, सापडले तुमचे वडील. भांडार विभाग, हुद्दा रंगारी.”

“मग झालं तर!”

“कसलं झालं? किनाऱ्यावर उतरल्याची नोंद नाही. रंगारी मागाहून जातात, लढाई आटोपल्यावर भिंती रंगवायला.”

“ते पहिल्याच सकाळी गेले होते, दादा.”

“कोण सांगतं?”

“तेच सांगायचे.”

दप्तरदाराने वही मिटली, पण हळू मिटली. त्यालाही वाईट वाटत होतं. काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, “आलाच आहात तर एक काम करता का? बाहेर जायच्या वाटेवरची पाटी पार उडालीय. लोक माझ्याच खोलीत घुसतात. परवा एक बाई माझ्या खुर्चीला ऐतिहासिक समजून फोटो काढून गेल्या.”

पाटीवालीला हसू आलं. रंगाचे डबे तिच्या पिशवीत नेहमीच असत. नाव लागो न लागो, हातचं काम नाकारायचं नाही, ही वडिलांचीच शिकवण. तिने मनातल्या मनात देवाला एक नमस्कार घातला आणि फळी पुसायला घेतली. अर्ध्या तासात अक्षरं उभी राहिली. खाली दिशा दाखवणारा हात काढला. मनगट, मूठ, पुढे केलेलं बोट.

दप्तरदार मागे येऊन उभा राहिला. “अक्षर मोत्यासारखं आहे हो. पण बोट वाकडं झालंय.”

“आमच्याकडे वाकडंच असतं,” ती म्हणाली. “लहानपणी वडिलांचं बोट दारात सापडलं, ते वरच्या पेराशी वाकडंच जुळलं. ते डावखुरे. डाव्या हातात कुंचला, आणि उजवा हात समोर धरून त्याचंच चित्र काढायचे. मी त्यांचं बघून शिकले. वीस वर्षं गिऱ्हाईकं ओरडतात, पण सरळ काढायला गेले की हातच अडतो.”

दप्तरदार हसला नाही. त्याने पाटीजवळ नाक नेलं, मग पाठ फिरवून चालू लागला. “या,” एवढंच म्हणाला.

आतल्या दालनात त्याने एका मोठ्या छायाचित्रासमोर तिला उभं केलं. कंबरभर पाण्यातून येणारे शिपाई, धूर, वाळूत रोवलेली एक पाटी. खाली चिठ्ठी होती, दप्तरदाराच्याच अक्षरात: ‘पहिल्या दिवशीची सकाळ. सुरुंगांतून मोकळी केलेली वाट. गोळी लागून पाटीवरील बोट वाकलेले दिसते.’

“गोळी?” पाटीवाली म्हणाली. “फळीला भोक कुठे आहे?”

“तेच आता बघतोय. अठरा वर्षं मी लोकांना गोळी सांगतोय हो!” त्याने कपाळावर हात मारला. मग त्याच्यातला कागदी माणूस जागा झाला. “पण ताई, पाटी त्यांची असेल. ती जहाजावर रंगवून दुसऱ्या कोणी आणून रोवली असेल तर?”

एवढ्या जवळ येऊन पुन्हा तेच! पाटीवालीने चित्रावर डोळे रोवले. पाटीवरची अक्षरं तिने रोजच्या सवयीने वाचली. ‘वाट मोकळी. इकडून’. पुढे काही नाही.

“दादा, तुमचं भिंग द्या जरा.”

भिंगाखाली पाटीच्या बुडाशी एक पाठमोरा माणूस दिसला, ओल्या वाळूत मांडी ठोकून बसलेला. गुडघ्याशी डबा, डावा हात वर फळीकडे, आणि त्या हातात कुंचला.

“‘या’ लिहायचं राहिलंय,” ती म्हणाली. तिचा आवाज इतका हळू होता, की दप्तरदाराला वाकावं लागलं. “फोटो काढला तेव्हा लिहीतच होते.”

दप्तरदाराने वही आणली. उभ्याउभ्याच यादीत शेवटचं नाव चढवलं, शिक्का दोनदा मारला आणि चित्राखालची चिठ्ठी फाडून खिशात टाकली. “गोळीबद्दल कोणाला सांगू नका हं,” तो म्हणाला.

दहा दिवसांनी आत्या दगडापुढे उभी राहिली. कोरलेल्या नावावर तिने बोट फिरवलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. “सेनापती,” ती पुटपुटली, “जिंकलास रे.”

दप्तरदाराने आपल्याच खोलीत चहा मांडला होता, त्या ऐतिहासिक खुर्चीत आत्याला बसवून. पाटीवालीने कपात तीन चमचे साखर घातली. आत्याने डोळे मिटून हात जोडले, मग एक घोट घेतला. दोघंही श्वास रोखून बघत होती.

आत्याचं तोंड नेहमीपेक्षाही वाकडं झालं.

“अगंबाई! केवढा हा गोड! पितात कसा तुम्ही लोक?” आणि कप खाली न ठेवता तिने तो शेवटच्या थेंबापर्यंत संपवला.