जात्यावरचा घास

तातेरावानं पारूच्या कमरेचा करगोटा पुन्हा चाचपला. हा काळा दोरा तिच्या आईनं, नर्मदाबाईनं, बांधला तेव्हा कमरेला नीट बसायचा. आता तो मांडीवर घसरत होता. नर्मदाबाई उन्हाळ्यात तापानं गेली. तेव्हापासून तातेराव सैल पडेल तशी त्या दोऱ्याला गाठीवर गाठ मारत होता.

पारू सहा वर्षांची. जन्मापासून अंग लाकडासारखं ताठ, मान सावरत नव्हती, बोलता येत नव्हतं. पण बापाची चाहूल लागली की सगळ्या अंगानं हसायची. हल्ली तेही कमी झालं होतं.

नरसीहून त्याची थोरली बहीण मंजुळाबाई येऊन राहिली होती. ती पाय पसरून पारूला उताणी घ्यायची आणि तान्ह्या लेकराला पाजतात तसं बोंडल्यानं दूध पाजायची. दूध नाकातून यायचं. पोर खोकून खोकून निळी पडायची, मग तिची छाती घरघरत राहायची.

"आक्का, थांब की जरा. जीव घाबरा होऊन राहिला तिचा."

"मंग काय उपाशी ठेवू? ह्याच पायावर म्या लेकरं वाढवली. तूबी त्यातलाच."

तातेराव उठायचा, दारात जायचा, बैलांपुढं उगाच वैरण टाकून यायचा. दूध पातळ करून पाहिलं, तर ठसका वाढला. हिंगोलीला डॉक्टर होता, पण रझाकारांच्या धामधुमीत साखऱ्याहून त्या वाटेनं लेकरू घेऊन जायची कुणाची छाती होत नव्हती. नर्मदा हिला भरवायची तरी कशी? त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. अंधारात तो शेताकडं निघायचा तेव्हा नर्मदा पोरीला मांडीवर घेऊन दळत असायची. परत यायचा तेव्हा पोरीचं खाणं उरकलेलं असायचं.

सुनेचं बाळंतपण आलं म्हणून आक्का नरसीला गेली. इकडं घरातलं पीठ संपलं. तातेराव जात्याशी बसला. खाली ठेवली की पारू ताठ होऊन रडायची, म्हणून त्यानं तिला मांडीवर घेतलं, तिची छाती डाव्या हातावर टेकवली आणि उजव्या हातानं खुंटा धरला. प्रत्येक फेऱ्याला तो पुढं वाकायचा, त्याच्यासंगं पोर वाकायची. हळूहळू तिचे पाय सैल पडले. हनुवटी खाली आली. आणि तिनं तोंड उघडलं.

तातेरावाचा हात थांबला. नर्मदा दळायची तेव्हा जात्यापाशी रोज एक वाटी असायची. दुधात कुस्करलेली भाकर, घट्ट. ती नर्मदाची न्याहारी असंच तो समजत आला होता.

त्यानं शिळी भाकर दुधात कुस्करली, पुन्हा जातं सुरू केलं आणि क्षणभर खुंटा सोडून बोटभर काला तिच्या ओठांत ठेवला. पोरीनं तो जिभेवर घोळवला, बाहेर ढकलला, परत आत घेतला. तातेराव दळत राहिला. तिच्या गळ्याशी हालचाल झाली. ठसका लागला नाही. दुसरा घास द्यायला त्याला धीर होईना, पण तिनं तोंड उघडूनच ठेवलं होतं.

बारसं उरकून आक्का परतली, तर भाऊ जात्यावर.

"आता बाप्या दळायला बसला, म्हंजे म्या नांगर धरायचा व्हय?"

"आक्का, बोलू नको. बघ."

आक्का बघत बसली. वाटी अर्धी झाली. तिनं बोंडलं उचललं आणि माळ्यावर टाकलं.

करगोट्याची एकही गाठ अजून सोडावी लागली नव्हती. पण तो घसरत नव्हता. तातेराव दिवसातून कितीदा तरी चाचपून बघायचा. अडचण दुसरीच होती. जातं थांबलं की पारू तोंड मिटायची, आणि तीन माणसांचं दळण ते केवढं.

तो सूप घेऊन शेजारी गोजरबाईच्या दारात गेला.

"काकू, जवारी द्या. दळून देतो."

गोजरबाईनं पदर तोंडाला लावला. "काहून रे? शेत सोडून बायकांचं काम घेऊन राहिला? मजुरी काय घेशील?"

"मजुरी नको. लवकर द्या काकू, पोरगी भुकेली हाय."