न दिलेली परीक्षा

सन १९०४ची दिवाळी नुकतीच झाली होती. देवासहून तार आली तेव्हा नीलकंठ इंदूरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होता. त्याची बायको विनोदिनी विषमज्वरानं अंथरुणाला खिळली होती. लग्नाला दोन वर्षं झालेली, तिचं वय सतरा. नीलकंठ टांगा करून घरी आला, तो सात आठवडे परत गेलाच नाही.

आई त्याच्या लहानपणीच गेली होती. घरात वडील तात्या, ते देवासच्या धाकट्या राजांच्या पातीच्या दप्तरात कारकून, आणि स्वयंपाकाला एक म्हातारी बाई. कपाळावर पट्ट्या बदलणं, चमचाचमचा पेज भरवणं, सारं नीलकंठच करी. "पुरुषानं असं बायकोच्या उशाशी बसून राहणं बरं दिसत नाही," तात्या दोनदा म्हणाले. नीलकंठानं दोन्ही वेळा मान हलवली आणि जागचा उठला नाही.

ताप उतरला. नीलकंठ इंदूरला परतला. परीक्षेचे अर्ज भरायची वेळ आली तेव्हा कॉलेजच्या कारकुनानं हजेरीचं बाड उघडलं. बी.ए.वाल्यांची व्याख्यानं तीन-चतुर्थांश भरली की काम भागे. बी.एस्सी.ला प्रयोगशाळेचे तास वेगळे मोजत. नीलकंठाचे ते एकोणीस तास कमी पडत होते.

"भिया, नियम छपा हुआ है," कारकून हळहळून म्हणाला. "मैं क्या करूँ?"

वर्ष पुन्हा करावं, तर दरबारची शिष्यवृत्ती दोनच वर्षांची होती. नीलकंठाला परीक्षेला बसताच आलं नाही. चारदोन मुलांच्या शिकवण्या धरून तो निकालापर्यंत इंदूरलाच राहिला आणि घरी काय सांगायचं याचा विचार करीत राहिला. खरं सांगितलं असतं तर सगळा बोल विनोदिनीवर आला असता. ती आता कुठे भिंतीला धरून चालू लागली होती. तापानं तिचे केस गळाले होते, पदर डोक्यावरून जराही ढळू देत नसे.

वैशाखात निकाल लागल्यावर तो घरी आला आणि उंबऱ्यातच म्हणाला, "तात्या, नापास झालो."

तात्या तीन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. पुढे मात्र दप्तरात, देवळात, कोणी विचारो न विचारो, सांगत सुटले, "आमचे चिरंजीव रसायनात गोते खाऊन आले." विनोदिनीनं ताकाचा पेला पुढं ठेवला आणि हळूच म्हणाली, "एकदा नापास झालं म्हणून काय? पुन्हा बसा." नीलकंठ म्हणाला, "बघू."

त्यानं धारच्या एका शाळेत गणिताच्या शिक्षकाची नोकरी धरली. दोघांनी तिथं बिऱ्हाड केलं, पुढे काही वर्षांनी मुलगी झाली, सरला. रोज शाळेतून आल्यावर तो विनोदिनीला इंग्रजी शिकवी. तिची बुद्धी तल्लख. चार वर्षांत ती त्याच्यापेक्षा वळणदार इंग्रजी अक्षर काढू लागली. तात्यांची पत्रं येत. त्यांत सुनेला आणि नातीला आशीर्वाद असे, मुलाला नसे.

सहाव्या वर्षी शाळेचे हेडमास्तर विश्वासराव प्रयागच्या विद्यापीठाच्या नियमांचं पुस्तक घेऊन घरी आले. "नीलकंठराव, तीन वर्षं नोकरी झालेल्या शिक्षकाला कॉलेजात न जाता परीक्षेला बसता येतं. हजेरी लागत नाही."

नीलकंठानं ते पान दोनदा वाचलं. "पण फक्त बी.ए.ला. बी.एस्सी.ला प्रयोग हवेतच."

"मग बी.ए. व्हा! इंग्रजी, संस्कृत, तत्त्वज्ञान."

"संस्कृत? विभक्तीची रूपं मी केव्हाच विसरलो."

"ती मला येतात," विनोदिनी आतून म्हणाली. तिचे वडील नेमावरच्या घाटावर पुराण सांगत. शब्दांची रूपं म्हणतच ती मोठी झाली होती.

अर्ज भरायला रविवारी दोघं ओसरीवर बसली. तो सांगे, ती लिही. नाव, गाव, नोकरीची वर्षं. मग तिनं पुढचा रकाना वाचला. "यापूर्वी या विद्यापीठाच्या पदवी परीक्षेस बसला होता काय? असल्यास कोणत्या वर्षी? ... एकोणीसशे पाच लिहू ना?"

नीलकंठ अर्जाचा कोपरा सरळ करीत राहिला.

"अहो, काय लिहू?"

"नाही, असं लिही."

"पण तुम्ही नापास झाला होतात ना?"

"खोटं लिहिलं तर अर्ज परत येईल गं," तो खाली बघत म्हणाला. "लिही नाही म्हणून."

विनोदिनीनं टाक खाली ठेवला.  मग तिनं विचारलं, "मी आजारी होते, म्हणून?"

"हजेरी कमी पडली. तू बरी झालीस, मला तेवढं पुरे होतं."

"सहा वर्षं लोकांचं ऐकून घेतलंत! मला तरी सांगायचं."

"तुला सांगितलं असतं तर तू तात्यांना सांगितलं असतंस."

तिला रडू आलं आणि त्यातच हसूही आलं, कारण ते अगदी खरं होतं. तिनं अर्ज पुरा केला आणि त्याच टाकानं तात्यांना पत्र लिहिलं.

आठव्या दिवशी तात्या धारला हजर. पाय धुतले, पाटावर बसले, पण ताटाला हात लावेनात. "मला का नाही सांगितलंस?" त्यांनी मुलाला विचारलं.

"तुम्ही हिला बोल लावला असता."

तात्यांनी मान डोलावली. "लावला असता," ते म्हणाले. मग सुनेकडे वळून म्हणाले, "सूनबाई, तेव्हा मी तसाच होतो." विनोदिनी म्हणाली, "मामंजी, आमटी निवतेय." आणि तिनं त्यांच्या भातावर तूप वाढलं.

त्या वर्षी नीलकंठ परीक्षेला बसला आणि तत्त्वज्ञानात खरोखरच नापास झाला. तात्यांचं पत्र आलं, त्यात पहिल्यांदाच मुलाला आशीर्वाद होता. पुढच्या वर्षी विनोदिनीनं तत्त्वज्ञानाचीही टिपणं काढली, सरलेला मांडीवर घेऊन त्याच्याकडून ती म्हणवून घेतली. नीलकंठ तिसऱ्या वर्गात पास झाला.

पदवी टपालानं मागवता आली असती. पण तात्या हटून बसले, म्हणून सगळी प्रयागला गेली. भाड्यानं घेतलेला काळा झगा नीलकंठाला पायघोळ होत होता. सभागृहाबाहेर झाडाखाली विनोदिनीनं गुडघ्यावर बसून झग्याचा काठ दुमडून चार टाके घातले आणि दोरा दातानं तोडला. आत जागा पदवीधरांना आणि थोड्या पाहुण्यांना. तात्या आत गेले, ती सरलेला घेऊन बाहेर थांबली.

आतून नावं पुकारल्याचा आवाज येई, पण शब्द कळत नसत. मग टाळ्या वाजत. नीलकंठासाठी कोणत्या, ते तिला बाहेरून समजेना. म्हणून प्रत्येक वेळी टाळ्या झाल्या की ती सरलेचे दोन्ही हात धरून वाजवी.