मुठीतली टिकटिक

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. बाहेर कडाक्याची थंडी, आत माणसांच्या श्वासाने धुरकटलेल्या काचा. मंचावर जाड शाल पांघरून काळमहाराज बसले होते आणि त्यांच्यासमोरच्या तबकात होती बंद पडलेली मनगटी घड्याळं.

"घड्याळजी म्हणाला, याचा जीव गेला?" महाराज एक घड्याळ उचलून गरजले. "अरे वेड्यांनो, जीव जातो कुठे? नुसती वाट चुकतो! त्याला हाक मारावी लागते!"

मग घड्याळ मुठीत, मूठ शालीखाली काखेत आणि ओठांवर मंत्र. मंत्र इतका लांबायचा, की तेवढ्या वेळात चहा उकळून, पिऊन, कप विसळून झाले असते. शेवटी मूठ उघडायची, घड्याळ माइकला टेकायचं आणि सभागृहभर टिकटिक घुमायची. जी घड्याळं चालू होत नसत, त्यांच्या मालकांची श्रद्धा कच्ची निघे. महाराजांची मूठ मात्र कधी कच्ची निघाली नाही.

"एकच पथ्य," महाराज बजावायचे. "घड्याळ अंगावरून उतरवायचं नाही. ते उतरलं, की श्रद्धा उतरली!"

पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने डोळ्यांना पदर लावला. तिच्या मनगटावर तिच्या गेलेल्या नवऱ्याचं घड्याळ होतं, महाराजांनीच जिवंत केलेलं. शेजारी तिची लेक खाली मान घालून बसली होती. महाराजांवर तिचा विश्वास नव्हता, पण बोलायला तोंडही नव्हतं. ते घड्याळ मेलं होतं तिच्याच हातून, असं ती समजत होती.

शिवणकामाच्या कारखान्याला टाळं लागल्यावर चाळिशीत ती घड्याळदुरुस्ती शिकायला बसली होती. सतत हातात चिमटा असतो म्हणून मास्तर तिला 'चिमटे' अशी हाक मारायचे. मास्तर जीव ओतून शिकवायचे. "घड्याळ उघडलं, की आधी हुंगायचं, मग बघायचं, मग हात लावायचा. जळकं, कुजकं, गंजकं, सगळं नाकाला आधी कळतं." वडील गेल्यावर इतकी माया तिला कुणी लावली नव्हती.

म्हणूनच वडिलांचं घड्याळ तिने मास्तरांसमोर उघडलं, चाक न् चाक धुतलं, पुन्हा जोडलं. ते चालू झालं तेव्हा ती लहान मुलीसारखी टाळ्या पिटत होती. मास्तर म्हणाले, "तेल मी घालतो. उद्या ने." दुसऱ्या दिवशी घड्याळ बंद.

"तुझा हात जड पडला, चिमटे," मास्तरांनी मान हलवली. "आता काळमहाराजच काय ते करतील."

आणि महाराजांनी केलं! त्या दिवसापासून आईने हृदयाच्या गोळ्या खणात टाकल्या. "मेलेलं घड्याळ चालवणारा माणूस माझं जितं काळीज चालवणार नाही होय गं?" हा तिचा सवाल. तिचे पाय सुजले होते, दोन पायऱ्या चढली तरी धाप लागायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळी चुकवाल तर जिवावर बेतेल. पण आई ऐकेल तर शपथ!

एका सकाळी अंघोळीला जाताना आईने नाइलाजाने घड्याळ काढून गार फरशीवर ठेवलं. येऊन पाहते तो ते गप्प. "माझी श्रद्धा कमी पडली गं!" म्हणून तिने हंबरडा फोडला आणि घड्याळ मनगटावर चढवलं. ती स्वयंपाकाला लागली आणि थोड्या वेळाने ते चालू झालं. आईने हात जोडले. लेक मात्र थबकली. गारठ्यात मरायचं आणि उबेत जगायचं, हा कसला जीव?

तिने मिनतवारी करून घड्याळ मागून घेतलं, पाठ उघडली आणि सवयीने आधी हुंगलं. घड्याळाच्या तेलाला असा वास नसतो. हा वास तिला पाठ होता. लहानपणी आई वेणी घालायची तेव्हाचा. खोबरेल!

ती तडक मास्तरांच्या दुकानात गेली. मास्तरांच्या खणात, हत्यारांच्या मागे खोबरेलाची बाटली होती, थंडीने पांढरी गोठलेली. मास्तरांच्या डोक्यावर औषधालासुद्धा केस नव्हता.

"हे कशाला, मास्तर?"

मास्तरांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "हल्ली किल्लीची घड्याळं दुरुस्त करून घेतं कोण? महाराजांकडे पाठवलेल्या गिऱ्हाईकामागे चार पैसे मिळतात. आणि बंद घड्याळ चालूच होतं ना? कुणाचं काय बिघडलं?"

"माझी आई गोळ्या घेत नाही. आणि मला वाटत होतं, बाबांचं घड्याळ मी मारलं. रोज रडत होते तुमच्यासमोर. तुम्ही पाठीवर हात फिरवत होतात."

मास्तरांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. तिने आपला चिमटा त्यांच्या टेबलावर ठेवला.

संध्याकाळी ती सभागृहात उभी राहिली. वडिलांचं घड्याळ तिने सगळ्यांदेखत खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर गारठत ठेवलं होतं. ते ठार बंद पडलं होतं. "आता मूठ महाराजांची नको," ती म्हणाली आणि घड्याळ समोर बसलेल्या एका भाजीवालीच्या हातात दिलं. "मावशी, काखेत धरा. मंत्र नको, गप्पा मारा."

"पाखंडी आहे ही! बाहेर काढा!" महाराज ओरडले. पण लोकांच्या माना भाजीवालीकडे वळल्या होत्या. तिने काखेतून घड्याळ काढून कानाला लावलं. "अगं बाई, चालतंय की! मीपण महाराज झाले!"

हशा पिकला. लेकीने पाठ उघडून घड्याळ रांगेतून फिरवलं. "हुंगा. चाकांवर खोबरेल आहे. थंडीत बाटलीतलं गोठतं तसंच हे गोठतं आणि अंगाच्या उबेने वितळतं. म्हणून तर उतरवायचं नाही!" ते खोबरेल मास्तर घालतात, हेही तिने सांगितलं. पुढे घड्याळांच्या मालकांचा मंचावर असा गलका झाला, की महाराज मागच्या दाराने केव्हा सटकले ते शालीलासुद्धा कळलं नाही. शाल खुर्चीवरच राहिली.

आईने घड्याळ पुन्हा पुन्हा हुंगलं. "म्हणजे तुझे बाबा हाकेला आले नव्हते?"

"नाही, आई."

"मग मला एवढं रडवलं कशाला मेल्यांनी?"

लेकीने पर्समधून गोळी आणि पाण्याची बाटली काढली. "तुझ्या काळजात कुणी खोबरेल घातलेलं नाही. ते मुठीच्या उबेने चालायचं नाही. घे."

आईने गोळी घेतली.

लेक आता घरीच, खिडकीपाशी दुरुस्तीला बसते. वडिलांचं घड्याळ धुऊन, खरं तेल घालून तिने चालू केलं. ते गार फरशीवरही चालतं. कुणी मास्तरांचं नाव काढलं, तर अजून तिचे डोळे भरतात, कारण फसवणाऱ्याने शिकवलेली विद्या खोटी नव्हती. शिकायला येणाऱ्यांना तीही तेच सांगते आणि तुम्हा-आम्हालाही तेवढंच पुरे: कुणी चमत्कार दाखवला, तर आधी हुंगा, मग बघा. हात जोडायचेच असतील, तर त्यानंतर जोडा.