ओळखीची व्यक्ती

धाकटीची चाळिशी उलटली होती, पण कवळ्या बनवणाऱ्यांच्या जगात ती धाकटीच राहिली. कवळ्यांचं काम शिकवणाऱ्या बाईंच्या खोलीत ती सगळ्यांत शेवटी शिकायला आली, म्हणून धाकटी. पुढे बाकीच्या मुली कुणी लग्न करून, कुणी कंटाळून निघून गेल्या, तरी हिचं नाव काही मोठं झालं नाही. साचा कसा ओतायचा, मेणात दात कसे रोवायचे, वरचे खालचे दात नीट बसतात का ते कसं बघायचं, हे सगळं बाईंनी तिला हाताला धरून शिकवलं.

मग धाकटीला स्वतःची भट्टी घ्यायची हुक्की आली. दातांवरच्या कॅप भाजायच्या भट्टीला पैसा लागतो, आणि तो काही तिच्याकडे नव्हता.

"कर्ज काढून भट्टी घेऊ नकोस," बाई म्हणाल्या. "आधी चार दवाखाने जोड. भट्टी कुठं पळून जात नाही."

धाकटीला वाटलं, म्हातारीला आपलं बरं बघवत नाही. नको ते बोलून ती तावातावाने बाहेर पडली आणि फोनवरच कर्जाचा अर्ज भरला. त्यात एक रकाना होता: आपल्याला दीर्घकाळ ओळखणारी, घराबाहेरची व्यक्ती. धाकटीला दुसरं कोण ओळखत होतं? तिने बाईंचा नंबर ठोकून दिला. विचारलं नाही. जिच्याशी भांडून निघालो तिलाच विचारायला जायचं म्हणजे नाक खाली आलं असतं, आणि धाकटीचं नाक तेव्हा फार वर होतं.

भट्टी आली. वर्ष सुरळीत गेलं. मग तिचा सगळ्यांत मोठा दवाखाना बंद पडला आणि हप्ते थकले.

वसुलीवाला आधी गोड बोलला, मग मोठ्याने बोलला, मग घाणेरडं बोलला. पहाटे फोन, जेवताना फोन. नवऱ्याच्या ऑफिसात फोन. एकदा तर तो दारातच उभा राहिला आणि काम न्यायला आलेल्या दवाखान्याच्या माणसासमोर ओरडला, "लोकांना दात देता, आणि आमचे पैसे तेवढे गिळता!" धाकटीच्या हातातला मेणाचा साचा खाली पडला. त्या दिवसापासून फोन वाजला की ती तो उशीखाली कोंबायची.

शेवटी ती फुकट सल्ला देणाऱ्या वकील मॅडमकडे गेली. मॅडम पोरगेल्या होत्या, पण बोलायला खमक्या.

"देणं आहे ते आहे, त्यातून तुम्ही सुटत नाही," त्या म्हणाल्या. "पण मागायची पण एक रीत असते. अवेळी फोन करायचा नाही. शिवी द्यायची नाही. कंपनीचं पत्र दाखवल्याशिवाय दारात उभं राहायचं नाही. तुमच्या कर्जाबद्दल तिऱ्हाईत माणसाजवळ बोलायचं नाही. कोर्टाच्या हुकमाशिवाय घरातली सुई पण उचलायची नाही. फोन आला की नाव विचारा, लिहून घ्या, आणि तक्रार करते म्हणून सांगा. मुदत हवी तर कंपनीला लेखी मागा." मग त्यांनी विचारलं, "अर्जात आणखी कुणाचा नंबर दिलाय?"

"आहे एक. माझ्या बाईंचा."

"जामीन म्हणून सही केली त्यांनी?"

"छे. नुसती ओळख."

"मग त्यांचा एका पैचाही संबंध नाही. पण हे त्यांना आजच सांगा. ही माणसं मऊ जागा शोधतात."

"सांगते," धाकटी म्हणाली, आणि खरंच सांगणार होती.

दुसऱ्या दिवशी फोन आला. तिने घसा खाकरून नाव विचारलं, पत्र मागितलं, तक्रार कुठे करणार तेही सांगितलं. पलीकडचा आवाज एकदम खाली आला. जन्मभर लोकांच्या तोंडात दात बसवणाऱ्या धाकटीने पहिल्यांदाच कुणाचे तरी दात घशात घातले होते. तिला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

"ठीक आहे, तुमचं राहू द्या," वसुलीवाला म्हणाला. "अर्जावर दुसरंही नाव आहे."

हे तिने ऐकलं. स्वच्छ ऐकलं. पण बाईंना सांगायचं म्हणजे कर्ज काढलं हे सांगायचं, थकलं हेही सांगायचं, आणि बाई "मी म्हटलं नव्हतं?" असं तोंडाने नाही म्हणाल्या तरी डोळ्यांनी म्हणणार. उद्या सांगू, असं तिने ठरवलं. उद्याचा परवा झाला.

फोन बंद झाले. महिन्याने एक मेसेज आला: हप्ता मिळाला, धन्यवाद. धाकटीने तर दमडी भरली नव्हती. कंपनीच्या संगणकाची चूक असणार, असं तिने स्वतःला सांगितलं आणि मेसेज पुसून टाकला. पुढच्या महिन्यात तसाच आला. तोही पुसला. संगणक एकच चूक दर महिन्याला, ठरल्या तारखेला करत नाही, हे न कळण्याइतकी ती बावळट नव्हती. हाताशी राहिलेल्या पैशांतून तिने दातांचे नवे सेट आणले. रात्री अंथरुणावर पडली की मात्र बाईंचा चेहरा समोर यायचा, आणि ती कूस बदलायची.

एक दिवस एक डॉक्टर सहज म्हणाले, "तुमच्या बाईंच्या कवळ्या हल्ली खरखरीत येतात हो. पेशंट कुरकुरतात. त्यांच्याकडचं काम आता तुम्हीच घ्या ना."

धाकटी हातातलं काम तसंच टाकून निघाली.

बाई खिडकीशी बसून पॉलिश पेपरने कवळी घासत होत्या. बोटांची सालटी निघाली होती. कोपऱ्यातल्या टेबलावर पॉलिशचं मशीन नव्हतं, नुसती बोल्टची भोकं उरली होती.

"मशीन कुठंय, बाई?"

"विकलं." बाईंनी वर बघितलं. "वाळलीस की गं. ये, बस."

"का विकलं?"

"तुझे हप्ते थकले होते ना. आधीचे साठवलेल्यातून दिले, मग नाही पुरलं." बाजारातून भाजी आणली असं सांगावं, तितक्या साधेपणाने त्या बोलत होत्या. "वसुलीवाले म्हणाले, नाव दिलंय म्हणजे तुम्ही जामीन. नाही भरलंत तर सगळ्या दवाखान्यांत तिची शोभा करू. म्हटलं, नको बाबा, नुकतं कुठं बस्तान बसतंय तिचं."

धाकटीला तोंडात मारल्यासारखं झालं.

"तुम्ही जामीन नव्हता, बाई. फक्त ओळखीची व्यक्ती. तुमच्याकडे मागायचा त्यांना काडीचाही हक्क नव्हता."

बाईंचा हात थांबला. "हो? मग हे तुला कधी कळलं?"

कालच, असं म्हणता आलं असतं. शब्द अगदी जिभेवर आला होता. पण ती सालटी निघालेली बोटं समोर होती.

"सुरुवातीलाच. ते तुमच्याकडे वळणार हेही कळलं होतं. हप्ते भरल्याचे मेसेज येत होते मला. मी गप्प बसले. माझी लाज राखायला गप्प बसले, बाई."

बाईंनी हातातली कवळी खाली ठेवली. एवढ्यात त्यांचा फोन वाजला, आणि त्या चटकन उठून उभ्या राहिल्या. कुणी सांगितलं नसताना, मास्तरांनी हाक मारलेल्या पोरीसारख्या उभ्या राहिल्या. वसुलीवाल्याचा फोन त्या दर वेळी असाच घेत असणार, हे धाकटीला कळलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने फोन हातातून घेतला. "कर्ज माझं आहे. या जामीन नाहीत. पुन्हा इथे फोन केलात तर तक्रारीत तुमचं नाव पहिलं. काय नाव म्हणालात?"

पलीकडून फोन कट झाला.

बाई अजून उभ्याच होत्या. "त्याला एवढंच म्हटलं की पुरत होतं?"

"हो."

"एवढंच?"

धाकटीने मान खाली घातली. "मी सगळे पैसे फेडीन, बाई. मशीन पण आणून देईन."

"आणशील," बाई म्हणाल्या. त्या बसल्या आणि पुन्हा घासायला लागल्या. ट्रेमध्ये आणखी कवळ्या पडल्या होत्या. धाकटीने पूर्वीच्या सवयीने एक उचलायला हात पुढे केला, तेव्हा बाईंनी ट्रे हळूच आपल्या बाजूला ओढून घेतला.