माझी अकरावी नळी

मित्रांनो, मी एक जुना मॅनोमीटर आहे, हवेचा दाब मोजणारा. रडगाणं गायला आलेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो. बावीस वर्षं माझ्यावर एक आळ होता आणि तो खोटा होता. तेवढं ऐका.

जिथे पदवीनंतर विमानविद्या शिकवतात, तिथल्या एका प्रयोगशाळेत मी भिंतीला टेकून उभा असतो. लाकडी फळीवर चोवीस काचनळ्या आणि त्यांत लाल पाणी, एवढाच माझा संसार. शेजारी विंड टनेल आहे, म्हणजे जोराचा वारा सोडणारा बोगदा. ते सुरू झालं की कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. त्याच्या पोटात विमानाच्या पंखाचा हातभर तुकडा बसवतात. पंखाच्या पाठीवर सुईने पाडल्यासारखी चोवीस भोकं आहेत. प्रत्येक भोकातून एक रबरी नळी निघते आणि माझ्या एकेका काचनळीला येऊन मिळते. पंखावर जिथे हवेची ओढ जास्त, तिथलं पाणी वर चढतं. पहिलीपासून शेवटच्या नळीपर्यंत पाण्याचा कसा छान उतार तयार होतो!

फक्त अकरावीत तो मोडायचा. तिथलं पाणी उताराच्या दोन बोटं वर थांबायचं आणि काही केल्या खाली यायचं नाही.

डॉक्टरेट करणाऱ्या एका तरुणाला हे खपलं नाही. त्याला आलेख गुळगुळीत हवा होता. नाचता येईना अंगण वाकडं! त्याने एक चिकटपट्टी फाडली, तिच्यावर 'खराब, वाचू नये' असं लिहिलं आणि माझ्या अकराव्या नळीखाली लावून मोकळा झाला.

झालं. तोच शिरस्ता पडला. जुने विद्यार्थी नव्यांना पहिल्याच दिवशी सांगत, अकरावी सोडून दे. नवे मान डोलावत. एकानेही विचारलं नाही की हे ठरवलं कुणी. मला राग येई, अजून येतो. पुढे नवी यंत्रं आली आणि मी कोपऱ्यात गेलो. माझ्यावर कोट आणि पिशव्या लटकू लागल्या. चोवीस नळ्यांची खुंटी झाली.

मग एक मुलगी आली. नव्या यंत्रावर तिचा नंबर लागेना, म्हणून तिच्या वाट्याला मी आलो. सारखे प्रश्न विचारते म्हणून सगळे तिला शंकासुर म्हणत. तिने पिशव्या काढल्या, मला पुसलं आणि चोवीसच्या चोवीस नळ्या वाचल्या.

तिचे मार्गदर्शक सर माणूस म्हणून वाईट नव्हते, पण हट्टी. त्यांनी तिच्या आलेखातला अकरावा बिंदू लाल पेनने खोडला आणि शेजारी 'वगळा' असं लिहिलं. प्रबंध द्यायला आठ दिवस उरले होते. बिंदू काढ आणि सही घेऊन जा, असं ते म्हणाले. सही झाली नाही तर तिचं वर्ष जाणार होतं. मित्रांनो, त्या खोडलेल्या बिंदूशेजारचं अक्षर मी लगेच ओळखलं. चिकटपट्टीवर तेच होतं.

त्या दुपारी तिने फोन माझ्या फळीवर ठेवला आणि बाबांना सगळं सांगितलं. बाबा घरोघरी नळ दुरुस्त करणारे. ते एवढंच म्हणाले, "अगं, नळाला शिव्या देण्याआधी जोडणी बदलून बघावी."

दुसऱ्या सकाळी तिने अकराव्या भोकाची रबरी नळी माझ्या पाचव्या काचनळीला लावली आणि पाचव्या भोकाची अकरावीला. टनेल सुरू झालं. माझ्या अकरावीने पाचव्या भोकाचा दाब केसाचाही फरक न करता दाखवला. आणि एरवी अकरावीत दिसणारी ती हट्टी उंची आता पाचवीत आली, अगदी तेवढीच. म्हणजे खोट माझ्यात नव्हतीच!

मग भोकच बिघडलं असेल, असं सर म्हणाले. तिने पंखावर काळं तेल फासलं आणि पुन्हा हवा सोडली. सगळीकडचं तेल मागे वाहिलं. अकराव्या भोकापाशी मात्र ते उलटं, पुढे सरकलं. तिथे हवा पंखाला सोडत होती, गिरकी घेत होती आणि मग पुन्हा चिकटत होती. मी बावीस वर्षं हेच सांगत होतो.

"सर, बिंदू काढला तर मी या पंखाबद्दल खोटं लिहीन," ती म्हणाली. "त्यापेक्षा सही नका करू."

सर माझ्यापाशी आले आणि चिकटपट्टीवरून बोट फिरवू लागले. म्हणाले, "ही मीच लावली होती. माझ्या प्रबंधाच्या वेळी. घाई होती गं."

त्यांनी नखाने ती पट्टी खरवडून काढली, तिच्या प्रबंधावर सही केली आणि म्हणाले, "आधीचा आलेख चुकीचा होता, असं लिही त्यात. आणि कुणाचा, तेही लिही."

ती शिकून गेली. पट्टी होती तिथली फळी अजून फिकी आहे, आणि माझ्यावर पुन्हा एक कोट लटकतो आहे. लटकू द्या. रोज पुसलं नाहीत तरी मी कुरकुरणार नाही. पण मित्रांनो, उद्या कुणावर 'खराब' अशी पट्टी लावावीशी वाटली, तर आधी जोडणी बदलून बघा. आणि तरीही लावायचीच असेल, तर खाली स्वतःचं नाव लिहा.