भोंगा वाजलाच नव्हता

मी एक जुनी, विजेवर चालणारी दोन चाकांची गाडी आहे. सायकल समजू नका हं. सायकलची चाकं एकामागे एक असतात, माझी शेजारी शेजारी आहेत. मधल्या फळीवर माणूस उभा राहतो. तो पुढे कलला की मी चाकं लगेच त्याच्या तोलाखाली पुढे नेते, मागे कलला की मागे. पडता पडता सावरणं हेच माझं चालणं. मित्रांनो, हे काम मी शेकडो वेळा चोख केलं. एकदाच चुकले, आणि ते अजून मनातून जात नाही.

मला दोन बहिणींनी बनवलं. थोरली नववीत होती, धाकटी सातवीत. त्यांचे बाबा शिलाई मशीन दुरुस्त करायचे. पुढे दुकान, मागे घर. माझ्या मोटारी भंगारातल्या व्हीलचेअरच्या, फळी एका मोडक्या मशीनच्या टेबलाची आणि दांडा बाबांनी स्वतः कापून दिलेल्या पाइपचा. मी किती कलले ते सांगणारा नखाएवढा भाग जागेवर बसवायला तीन आठवडे गेले. तोवर मी भिंतीवर, बादलीवर आणि दोनदा थोरलीच्या पायावर आपटले.

बॅटरी उतरली की मला सावरायला जोर पुरत नाही. म्हणून थोरलीने माझ्या दांड्यावर एक छोटा भोंगा बसवला. चार्जिंग संपत आलं की तो किंचाळायचा, म्हणजे 'आता उतरा'. खरं सांगते, मला तो मुळीच आवडायचा नाही. चारचौघांत 'ही दमली, ही दमली' असं ओरडून सांगितलेलं कोणाला आवडेल?

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तो नेमका मुख्याध्यापिकाबाईंच्या भाषणात किंचाळला. सगळे हसले. धाकटी कानापर्यंत लाल झाली. दुकानातल्या काही ना काही वस्तू तिच्या खिशात असायच्याच. तिने दोऱ्याच्या रिळाखाली घालायची एक लोकरी चकती काढली, भोंग्याच्या तोंडात कोंबली आणि वरून चिकटपट्टी लावली. थोरली तेव्हा परीक्षकांशी बोलत होती. "घरी गेल्यावर काढते गं," धाकटी माझ्या कानात पुटपुटली. मी मनातून खूश झाले. दुपारी मला पुन्हा चार्ज केलं, पहिलं बक्षीस मिळालं आणि संध्याकाळपर्यंत पोरांना फिरवत मी नुसता भाव खात होते.

घरी पोचलो तेव्हा दुकानासमोर गर्दी जमली होती. थोरली चार्जरची वायर शोधायला आत गेली.

"बाबा, एकदा तरी उभे राहा ना!" धाकटी म्हणाली. चकतीचं तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"अगं, मी मशीनपुढे बसणारा माणूस. मला कशाला सर्कशीत भरती करतेस?"

"चढा हो!" समोरचे शिंपीकाका ओरडले. "पोरींनी बनवलंय, आणि तुम्ही घाबरता?"

बाबा चढले. माझी बॅटरी तळाला गेली होती आणि ते मला ठाऊक होतं. भोंगा कोंबलेल्या तोंडाने डासासारखा गुणगुणला. टाळ्यांत तो कोणाला ऐकू येणार? मी तेव्हाच थोडं डगमगून दाखवायला हवं होतं. बाबा घाबरून उतरले असते. पण मला त्यांच्यासमोर मिरवायचं होतं. मी ऐटीत वीसेक पावलं गेले आणि माझा जोर संपला. बाबा तोंडावर पडले. त्यांचं उजवं मनगट मोडलं.

सगळे त्यांना घेऊन दवाखान्यात धावले. धाकटी मागे राहिली. तिने चकती आणि पट्टी काढली आणि खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी थोरलीने रडत रडत माझा स्क्रू न् स्क्रू तपासला. "बॅटरी उतरली होती," ती म्हणाली, "पण भोंगा तर खणखणीत वाजतोय."

"वाजला असेल गं," बाबा म्हणाले. "हे लोक टाळ्या वाजवत होते, पण मी तर त्याच्या अगदी समोर उभा होतो. मलाच ऐकू आला नाही. कान गेले माझे."

मित्रांनो, बाबा मशीन कानाने दुरुस्त करायचे. चाक फिरवून, डोळे मिटून ऐकायचे आणि कुठे काय सैल आहे ते अचूक सांगायचे. प्लास्टर निघालं, हात चालू लागला, पण आता ते प्रत्येक मशीनपाशी अडखळायचे. "यात खटखट येते का गं?" असं मुलींना विचारायचे. गिऱ्हाइकं त्यांच्याशी मोठ्याने बोलू लागली. धाकटी मूग गिळून बसली होती. मी तर मुकीच. लाजेने मला माझा भार सोसवत नव्हता.

दोन महिन्यांनी बाबा शिंपीकाकांना म्हणाले, "दुकान दुसऱ्या कोणाला तरी चालवायला देतो. न ऐकू येणाऱ्या कारागिराकडे लोकांनी का यावं?"

धाकटी दारात उभी होती. ती आत आली आणि ती चकती तिने बाबांच्या हातावर ठेवली. रडत रडत तिने सगळं सांगितलं.

बाबांनी चकती बोटांत धरून दाबून पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे माझे कान ठीक आहेत?"

"हो, बाबा."

त्यांनी जवळचं मशीन ओढलं, चाक फिरवलं, डोळे मिटले. "बॉबिन केस सैल आहे," ते म्हणाले. पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच म्हणाले. मग डोळे उघडून त्यांनी लेकीकडे पाहिलं. "गाडीवरून पडलो त्याचं काही नाही गं. पण दोन महिने मी स्वतःला बहिरा समजत होतो, आणि तू मला समजू दिलंस."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं धाकटीला वाटलं असेल. मलाही वाटलं.

मित्रांनो, यंत्र 'थांबा' म्हणालं तर त्याचं तोंड दाबू नका. आणि तुमच्या चुकीमुळे कोणी पडलं, तर त्याला लगेच सांगा. नाहीतर तो बिचारा स्वतःलाच दोष देत बसतो.