वजन आदळायचं नाही

मापमावशी बाथरूमसमोर घसरली आणि शेजारीण येईपर्यंत फरशीवर तशीच पडून राहिली. हाडबीड काही मोडलं नव्हतं, फक्त उठता येईना. लेकाने नेमकं तेच धरून ठेवलं.

"आई, पुरे झालं एकटीने राहणं. हे घर विकू. माझ्याकडे चल, तिथे लिफ्ट आहे."

घर म्हणजे दुकानावरच्या दोन खोल्या. खालच्या दुकानात मावशीने उभा जन्म धान्य मोजलं, म्हणून तर मापमावशी हे नाव पडलं. आता ते सोडून लेकाच्या सोफ्यावर शोभेची बाहुली होऊन बसायचं? अंग ठेचकाळलं होतं, पण जीभ शाबूत होती.

"उन्हाळ्यापर्यंत थांब. जमिनीवर बसून, कशालाही न धरता उठले नाही, तर मुकाट्याने येईन."

दवाखान्यातली व्यायाम शिकवणारी पोरगी घरी येऊ लागली. ती म्हणाली, "मावशी, तुम्हाला आराम नकोय, वजन उचलायला हवंय." वजनांना काय तोटा! दुकानाची जुनी लोखंडी वजनं माळ्यावरून खाली आली. सुरुवातीला किलोचं उचलतानाही मावशीच्या तोंडाला फेस आला. तरी उचलणं जमलं. जमेना ते बसणं. खुर्चीशी आली की मावशी धप्पकन कोसळायची.

"अहो, सावकाश! ताकद त्यातच येते," पोरगी कपाळाला हात लावायची.

एकदा मावशीने वजन टेबलावर ठेवलं आणि स्वतःच चमकली. आवाजच झाला नव्हता. सासऱ्यांची शिस्त होती ती: वजन पारड्यात आदळायचं नाही, गिऱ्हाइकाला लबाडीचा वास येतो. हात अजून ती पाळत होते, कंबरेला मात्र कोणी शिकवलंच नव्हतं. त्या दिवसापासून मावशी स्वतःलाच वजनासारखी अलगद खुर्चीत ठेवू लागली. मग बुटक्या स्टुलावर, मग फरशीवर. मांड्या भरल्या, रात्री गाढ झोप लागू लागली, जिन्याच्या कठड्याची गरज उरली नाही.

उन्हाळ्यात लेक रिकाम्या बॅगा घेऊनच आला. आई खाली बसतेय म्हटल्यावर घाबरला आणि झेलायला स्वतःही समोर फतकल मारून बसला.

मावशी टेकली, आवाज न करता. हात छातीशी बांधले. गुडघे कुरकुरले, मांड्या थरथरल्या, दारात उभ्या शेजारणीने श्वास रोखला. आणि मावशी उठली! सरळ, ताठ, कशालाही न धरता. इतका आनंद तिला दुकानावर स्वतःच्या नावाची पाटी लागली तेव्हाही झाला नव्हता.

लेक मात्र खालीच. त्याने एक पाय दुमडला, मग दुसरा, टेबलाचा पाय चाचपला आणि अखेर म्हणाला, "आई, जरा हात दे ना."

मावशीने एका झटक्यात त्याला उभं केलं. मग त्याच्या रिकाम्या बॅगेत किलोचं वजन अलगद ठेवलं.

"हे घेऊन जा," ती म्हणाली. "आणि रोज उचल. पण ठेवताना आदळू नकोस."